शब्दचर्चा : सॉफ्टवेअरमधला ‘ट्रस’, सुताराची कैची आणि कमानीचा रेटा

चौकस : स्टॅड-प्रो या बांधकामाचं बळ तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पुलाचं मॉडेल करताना आमच्याकडे दिवसभर ‘हा मेंबर (म्हणजे दांडा) ट्रस कर’, ‘तो केबल कर’ असंच बोलणं चालतं. नवीन मुलांसाठी मराठीत टिपणं लिहायला घेतली आणि पहिल्याच पानावर अडलो. ट्रस म्हणजे कैची, हे ठीक. पण कैची म्हणजे त्रिकोणांत जोडलेल्या दांड्यांचा अख्खा सांगाडा. एकट्या दांड्याला कैची कसं म्हणायचं? कमान आणि झुलता पूल हे शब्द तरी इथे जसेच्या तसे चालतील का?

सुताराची लेक : कैची हा शब्द जपाच. कौलारू घराची कैची भिंतीवर चढवली की मग आढं आणि वासे तिच्यावर बसतात. तिच्यातल्या एका लाकडाला मात्र आमच्याकडे कुणी कैची म्हणत नाही, त्यामुळे तुमची शंका रास्त आहे.

सांगाडा : गोंधळ मराठीचा नाही, सॉफ्टवेअरने एकच शब्द दोन कामांना लावलाय त्याचा आहे. पुलाचा ‘ट्रस’ ही बांधणी आहे. कमांडमधला ‘ट्रस’ हा त्या दांड्याचा स्वभाव आहे : तो फक्त लांबीच्या दिशेने ताण किंवा दाब घेईल, वाकणार नाही. म्हणून बांधणीला कैची म्हणा आणि कमांडला ‘अक्षीय दांडा’. दोन्ही टोकांना बिजागरी दिलेला मेंबर आणि हा अक्षीय दांडा यांतही फरक आहे. बिजागरी दिलेला मेंबर मधल्या मध्ये आलेला भार वाकून घेतो, अक्षीय दांडा तसा घेत नाही. म्हणून रेल्वेच्या कैची-पुलात रुळांचा भार आडव्या तुळयांमधून सांध्यांवरच उतरवतात, आणि मॉडेलमध्येही तो सांध्यांवरच आला पाहिजे. एका प्रतलातले सगळे दांडे अक्षीय केले की त्या प्रतलाबाहेर सांध्याला धरून ठेवणारं काहीच उरत नाही, आणि प्रोग्रॅम अस्थिरतेचा इशारा देतो. तो इशारा दडपण्यासाठी वाटेल तिथे आधार टाकणं मला अजिबात मान्य नाही. वरचं ब्रेसिंग, म्हणजे दोन बाजूंच्या कैच्यांना एकमेकींशी बांधणारे दांडे, मॉडेलमध्ये घाला, इशारा जातो.

कमानीचं सांगतो, कारण तिथे शब्द सगळ्यात जास्त फसवतो. समजा १०० मीटरचा गाळा (दोन आधारांमधलं अंतर) आहे, कमानीची उंची २० मीटर, आणि दर मीटरला २० किलोन्यूटन भार सारखा पसरलेला. दोन्ही टोकं जागेवर धरली तर प्रत्येक टोकाला आडवा रेटा येतो १,२५० किलोन्यूटन, आणि अन्वस्ताकार (पॅराबोलाच्या आकाराच्या) कमानीत वाकवणारा आघूर्ण (बेंडिंग मोमेंट) जवळजवळ शून्य असतो. आता भूमिती तशीच ठेवा आणि एका टोकाला रोलर, म्हणजे आडवा सरकू देणारा आधार, द्या. रेटा शून्य होतो आणि मध्यावर २५,००० किलोन्यूटन-मीटरचा आघूर्ण उभा राहतो. पडद्यावर चित्र तेच दिसतं, पण ती आता कमान नाही, बाक दिलेली तुळई आहे. माझ्या मते कमान ही आकारावरून नव्हे, रेट्यावरून ओळखावी. ‘थ्रस्ट’साठी ‘रेटा’ हा शब्द आपल्याकडे तयार असताना टिपणांत ‘प्रणोद’ घालू नका.

राजमहेंद्रीचा १९९७ चा गोदावरीवरचा रेल्वे पूल मात्र रोलर देऊनही कमानीचाच राहतो. तिथे हा रेटा खालचा डेक (रूळ वाहणारा तळ) ओढून धरतो, धनुष्याच्या दोरीसारखा. मॉडेलमध्ये तो डेक ताण घेणारा आहे ना, हे आधी तपासायचं.

चौकस : मग काश्मीरमधला चिनाब नदीवरचा रेल्वे पूल? ती कमान की कैची?

सांगाडा : दोन्ही. ४६७ मीटर गाळ्याची कमान आहे, पण कमानीची प्रत्येक फासळी पोलादी कैचीची बांधलेली आहे. एकूण भार कमानीच्या वाटेने जातो, आणि फासळीच्या आत तो दांड्यांत ताण-दाब होऊन वाटला जातो. कोकण रेल्वेने उभारलेल्या या पुलाच्या तपशीलवार आराखड्यांसाठी टेक्ला हे सॉफ्टवेअर वापरलं होतं. तपशीलाचं मॉडेल वेगळं आणि विश्लेषणाचं वेगळं, हेही मुलांना सांगा.

सुताराची लेक : आणि वांद्रे-वरळी सागरी सेतूला सर्रास झुलता पूल म्हणतात, ते?

सांगाडा : ते सोडून द्यायला हवं. झुलत्या पुलात मुख्य केबल मनोऱ्यावरून जाऊन लोंबते आणि डेक तिला टांगलेला असतो. तिथला कळीचा शब्द ‘झोळ’, म्हणजे केबल मध्यावर किती खाली लोंबते ते. तोच १०० मीटरचा गाळा आणि तोच भार घ्या. झोळ १० मीटर असेल तर केबलचा आडवा ताण २,५०० किलोन्यूटन, ८ मीटर केला की ३,१२५. झोळ कमी, ताण जास्त. शिवाय केबलचा आकार आणि तिच्यातला ताण एकमेकांवर अवलंबून असतात, म्हणून आधी स्वतःच्या वजनाखालचा समतोल आकार शोधून घ्यावा लागतो. मायडास सिव्हिल या पुलांच्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी झुलत्या पुलाची वेगळी सोय आहे. सरळ रेषा ओढून ‘केबल’ लिहिलं की झालं, असं नाही.

२००९ मध्ये सुरू झालेल्या सागरी सेतूत मात्र केबली मनोऱ्यापासून थेट डेकला जातात, तंबूच्या तणाव्यांसारख्या तिरप्या. म्हणून मी ‘तणाव्यांचा पूल’ म्हणतो. गोव्यात मांडवीवरचा अटल सेतूही त्याच जातीचा.

सुताराची लेक : तणावा पटला. पण कोलकात्याच्या हावडा पुलात ‘सस्पेंडेड स्पॅन’ असतो म्हणे. त्याला झुलता गाळा म्हणायचं का?

सांगाडा : नको. तिथे केबल नाहीच. १९४३ चा तो कैचीबांधणीचा पूल आहे. ४५७ मीटरच्या मुख्य गाळ्यात दोन बाजूंनी पुढे आलेल्या हातांच्या टोकांना मधला १७२ मीटरचा तुकडा अडकवलेला आहे. ‘टांगता गाळा’ म्हणा, आणि मॉडेलमध्ये त्याच्या दोन्ही टोकांना बिजागरी द्यायला विसरू नका.