औद्योगिक डिझाइनचा डिप्लोमा: तुमचे अनुभव लिहा

बारावीनंतर काय, असा विषय निघाला की आपल्याकडे गाडी दोन-तीन ठरलेल्या रस्त्यांवरच फिरते. मिक्सर, इस्त्री, एसटीची सीट, दवाखान्यातला स्टँड अशा कारखान्यात तयार होणाऱ्या वस्तू हातात कशा बसतील, कशा दिसतील, कशा दुरुस्त होतील हे ठरवायचं शिक्षण घेतलेली मराठी मंडळी पुष्कळ आहेत. पण त्याबद्दल मराठीत वाचायला फार थोडं मिळतं. म्हणून हा चर्चेचा धागा. डिप्लोमा असो की पदवी, शिकताना प्रत्यक्ष काय केलंत ते लिहा. प्रवेशाच्या जाहिराती सगळीकडे आहेतच.

सुरुवात मी करते. मी नव्वदच्या दशकात अहमदाबादला, पालडीच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) होते. चार्ल्स आणि रे इम्स या अमेरिकन डिझायनर दांपत्याने 1958 साली भारत सरकारला एक अहवाल दिला, त्यातून 1961 मध्ये ही संस्था उभी राहिली. त्या अहवालात आपल्या साध्या तांब्याचं मनापासून कौतुक आहे: किती पाणी मावतं, कमरेवर कसा टेकतो, ओतताना तोल कुठे जातो. तिथे तेव्हा पदवी नव्हतीच, डिप्लोमाच मिळायचा. 2014 च्या कायद्यानंतर पदव्या सुरू झाल्या. घरी नातेवाईक विचारायचे, "एवढी वर्षं शिकून डिप्लोमाच का?" त्याचा मला तेव्हा त्रास व्हायचा. नोकरीच्या मुलाखतीत मात्र कोणी कागद पाहिला नाही, सगळ्यांनी आधी पोर्टफोलिओ (स्वतः केलेल्या कामांचा संग्रह) उघडला.

पहिलं वर्ष फाउंडेशनचं. रेषा, भूमिती, रंग, माती, लाकूड. पट्टी न वापरता सरळ रेषा काढायचा सराव इतका व्हायचा की झोपेतही खांदा हलायचा. वस्तू चारी बाजूंनी बघायची सवय मला तिथे लागली. आजही दुकानात कुठलीही वस्तू मी आधी उलटी करून बघते.

रंधा यांचा प्रतिसाद

मी पुण्यात शिकलो, डिप्लोमाच. माझा सगळा जीव वर्कशॉपमध्ये होता, त्यामुळे मॉडेल मेकिंगबद्दलच लिहितो. हेअर ड्रायरचं मॉडेल करायचं तर पीयू फोमचा (कडक, हलक्या फोमचा) ठोकळा घ्यायचा, त्यावर बाजूचा आणि वरचा आकार चिकटवायचा, करवतीने ढोबळ कापायचा आणि मग पॉलिश पेपर. आधी 80 नंबर, मग 120, 220, शेवटी 400. मध्ये लांबी (खड्डे बुजवायचा लगदा) भरायची, वाळवायची, पुन्हा घासायची. खरी परीक्षा प्रायमर (रंगाआधीचा थर) मारल्यावर. तोवर बोटाला गुळगुळीत लागणारा पृष्ठभाग करड्या प्रायमरखाली सगळे खड्डे दाखवतो. मग परत लांबी. सबमिशनच्या आदल्या रात्री वर्कशॉपच्या व्हरांड्यात सगळे पांढऱ्या धुळीत माखलेले असायचे. मास्क लावा, हे नवीन मुलांना कळकळीने सांगतो. ती धूळ छातीत जाते.

आता थ्रीडी प्रिंटर आलेत. चांगलंच आहे. पण मुठीत धरायच्या वस्तूचा गोलवा हाताने घासल्याशिवाय समजत नाही, या मतावर मी ठाम आहे.

भोसरीकर

मी शिकलेलो नाही, पण माझी भोसरी एमआयडीसीत टूलरूम (साचे बनवायचं वर्कशॉप) आहे आणि डिझाइनची मुलं नेहमी येतात, म्हणून लिहितो. स्केच सुरेख असतं. मी विचारतो, हा पार्ट मोल्डमधून (साच्यातून) सुटणार कसा? भिंतीला एक-दीड अंश ड्राफ्ट (उतार) नसेल तर पार्ट कोअरला, म्हणजे साच्याच्या आतल्या भागाला, घट्ट धरून बसतो आणि तो बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिनांचे व्रण उठतात. मजबुतीसाठी रिब (आतून उभी पट्टी) द्यायची तर ती भिंतीच्या साधारण निम्म्या जाडीची. जाड दिली की बाहेरच्या बाजूला खळगा पडतो, आम्ही त्याला सिंक मार्क म्हणतो. मागे एक मुलगी आली होती. दिवसभर मशीनशेजारी बसली, रिजेक्ट झालेले डबे मागून घेतले, हॅक्सॉने कापून आतली जाडी व्हर्नियरने मोजत राहिली. पुढच्या वेळी तिचं ड्रॉइंग आलं त्यात मला फारसं काही बदलावं लागलं नाही. पालकांनो, मुलांना कारखान्यात जाऊ द्या, कपडे मळले तरी चालतील.

उसाच्या रानातून

मी बीड जिल्ह्यातला, मराठी माध्यमाचा. आईवडील दर वर्षी ऊसतोडीला जायचे. कॉलेजात ज्युरी (परीक्षकांसमोर काम मांडायची तोंडी परीक्षा) इंग्रजीत व्हायची आणि पहिलं वर्षभर माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. एका परीक्षकांनी तर सगळ्यांसमोर भाषेवरून सुनावलं होतं. ते अजून खुपतं. आमच्या गाइड मॅडमनी मात्र सांगितलं, "मॉडेल हातात घेऊन मराठीत बोल, मी आहे."

डिप्लोमा प्रोजेक्टला मी कोयत्याची मूठ घेतली. शहरातल्या मित्रांना वाटलं, यात काय डिझाइन करणार? फडात (तोडणी चालू असलेल्या उसाच्या शेतात) जाऊन बघितलं तर एकाच कोयत्यावर तीन पकडी असतात. बुडातून ऊस तोडताना वाकून, मूठ शेवटाला धरून घाव घालायचा. पाचट काढताना हात पुढे सरकतो. वाढं (उसाचा हिरवा शेंडा) तोडताना मनगट वळतं. बायांच्या हाती तोच कोयता, तीच मूठ. आईने तिच्या कोयत्याला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली होती, पुढे जाड आणि मागे पातळ. ती चिंधी कुठे झिजते, कुठे काळी पडते, ते मी कागदावर उतरवलं. माझं निम्मं संशोधन तिथेच झालं होतं, आणि ते आईने केलेलं होतं. प्रोजेक्टच्या अहवालात मी तसं लिहिलंय.

हाताच्या मापांसाठी डॉ. देबकुमार चक्रवर्ती यांनी केलेलं भारतीय शरीरमापांचं संकलन फार उपयोगी पडलं. एनआयडीने ते 1997 मध्ये प्रसिद्ध केलं. तरी फडातल्या बायांची मापं मी स्वतः घेतली. घट्टे पडलेला हात तक्त्यात सापडत नाही.

मूठ अजून बाजारात आलेली नाही. आमच्या टोळीतल्या काही जणी मात्र वापरतात.

एक पालक

मुलगी बारावीला आहे. चित्रकला बेताची, पण घरातली प्रत्येक वस्तू खोलून बघते. तिने हा नाद करावा का? आणि परीक्षा कोणत्या?

(धागाकर्ती)

जरूर करावा. आयआयटी मुंबईचं आयडीसी (डिझाइनचं केंद्र) 1969 मध्ये सुधाकर नाडकर्णी यांनी उभं केलं. तिथे बारावीनंतरचा अभ्यासक्रम 2015 पासून आहे, त्यासाठी यूसीड ही प्रवेश परीक्षा. इंजिनिअरिंग किंवा आर्किटेक्चरनंतर जायचं तर सीड. एनआयडीची डॅट ही प्रवेश परीक्षा वेगळी, तिच्या दुसऱ्या टप्प्यात हाताने वस्तू करून दाखवावी लागते. चित्र सुबक हवं असं नाही, समजेल असं हवं. तिला आता एवढंच सांगा: पुढच्या वेळी मिक्सर खोलला की झाकण लावायच्या आधी आत काय कशाला जोडलंय ते कागदावर काढायचं आणि शेजारी नावं लिहायची. ती पानं जपून ठेवा, पोर्टफोलिओत लागतील.