माहितीपटातल्या माणसाला मराठीत काय म्हणायचं? विषय, पात्र, की अजून काही?

एक शब्द अडलाय. मी आणि माझा भाचा मिळून नाशिकच्या तांबट आळीतल्या एका कारागिरावर, म्हणजे एका काकांवर, वीसेक मिनिटांची फिल्म करतोय (हा 'वर' पण मला आता खुपायला लागलाय, त्याच्याकडे येतो). एडिटिंग संपत आलं आणि शेवटच्या श्रेयनामावलीत काकांच्या नावाआधी काय लिहायचं इथे गाडी अडली. इंग्रजीवाले 'सब्जेक्ट' म्हणून मोकळे होतात. मराठीत 'विषय : अमुक तमुक' लिहिलं की निबंधाची वही आठवते, आणि विषय म्हणजे ज्याच्याबद्दल दुसरंच कोणीतरी बोलतं तो. आमचे काका तर सगळा वेळ स्वतःच बोलतायत.

भाचा म्हणाला 'पात्र' लिहू. काकांना फोनवर विचारलं तर हसायलाच लागले, "पात्रं मी ठोकतो, आता मलाच पात्र करताय होय?" खरंच की. पात्र म्हणजे भांडं, पात्र म्हणजे नाटकातलं, पात्र म्हणजे लायक, आणि आमच्याकडे पावसाळ्यात तर गोदावरीचं पात्र, घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर पाणी आलं ते बघायला निम्मं गाव जातं. शब्द छान आहे पण नाटकाचा वास जात नाही, आणि काकांना कोणी संवाद लिहून दिलेले नाहीत.

आता 'वर'चं. आमच्या पहिल्या कटला निवेदन होतं, मीच लिहिलेलं, एका भारदस्त आवाजाच्या ओळखीच्या गृहस्थांकडून वाचून घेतलेलं. "येथे तांब्याच्या पत्र्यापासून विविध भांडी बनविली जातात." कोण बनवतं? पत्ता नाही. बनविली जातात, आढळतात, जोपासली जाते, अशी ती सगळी कर्ता गायब झालेली भाषा. लहानपणी थेटरात पिक्चरच्या आधी ती सरकारी माहितीपटाची रीळ असायचीच, 'फिल्म्स डिव्हिजन की भेंट' अशी पाटी आली की मोठी माणसं शेंगदाणे आणायला बाहेर जायची आणि आम्ही पोरं ते ऐकत बसायचो, तिथूनच ही भाषा कानात बसली असणार. तर एका ठिकाणी निवेदनात "पिढ्यानपिढ्या जोपासलेली ही कला" येतं आणि पडद्यावर काका हंडा मठारतायत, म्हणजे हातोडीनं ठोकतायत. भाच्याने सहज निवेदन बंद करून मूळचा आवाज लावला. काका हातोडी थांबवतात, हंडा थोडा फिरवतात, मान वाकडी करून डावा कान जवळ नेतात आणि म्हणतात, "कला ठीक आहे, पण उजव्यानं ऐकूच येत नाही आता. डावा आहे तोवर ठोका कळतो."

आम्ही दोघं गप्प. त्या दिवशी माझं सगळं लिखाण डब्यात गेलं. तेव्हापासून ती तांबटांवरची फिल्म राहिली नाही, तांबटांची झाली. म्हणून शब्द पाहिजे. सुचवा.

प्रतिसाद :
आधी 'माहितीपट' या शब्दाचंच बघा. त्यात माहिती देणारा कोणीतरी गृहीतच धरलाय, मग निवेदक आपोआप आला. त्यापेक्षा जुना 'अनुबोधपट' मला आवडतो, मराठी विश्वकोशातही आहे. इंग्रजी डॉक्युमेंटरीचं मूळ लॅटिनमधल्या शिकवणे या धातूत आहे, म्हणजे १९२६ साली जॉन ग्रिअरसनने 'मोआना' या चित्रपटाबद्दल लिहिताना तो शब्द वापरला तेव्हाही त्यात मास्तर लपलेला होताच. पण गंमत अशी की अमरकोशात, म्हणजे जुन्या संस्कृत शब्दकोशात, 'अनुबोध' म्हणजे उडालेला सुगंध पुन्हा जागवणं. आणि तिथेच शेजारी 'चर्चा' म्हणजे अंगाला उटी लावणं, चंदनचर्चित मधलं. म्हणजे आपण इथे करतोय त्या चर्चेलाही चंदनाचा वास आहे. असो, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे नव्हे, माहितीये.

प्रतिसाद :
निवेदनाला एवढं झोडपू नका राव. निवेदन आणि नैवेद्य एकाच घरातले, पुढे ठेवणे, अर्पण करणे. आता कलेक्टर कचेरीत निवेदन देऊन देऊन त्याची रया गेली ती वेगळी गोष्ट. आणि निवेदक हा नेहमी माज होता म्हणून आला असं नाही, सोयही नव्हती. उचलून नेता येईल असा १६ मिमी कॅमेरा आणि त्याच्याशी जुळून चालणारा टेपरेकॉर्डर १९६० च्या आसपास हातात आला, त्याआधी चालत्या कामात माणसाचा आवाज पकडणार कसा? मग स्टुडिओत बसलेला माणूसच बोलणार. तंत्र आल्यावर फिल्म्स डिव्हिजननेच १९६७ साली 'आय ॲम ट्वेंटी' केली, त्यात वीस वर्षांची पोरंच बोलतात. आणि आपल्या त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली वाटाण्याच्या रोपाची वाढ कॅमेऱ्यात टिपली ती विसरू नका. मूकपट होता ते सोडा, पण आज केलात तरी वाटाणा काय बोलणार, तिथे कोणीतरी सांगावंच लागेल. तुमच्यासाठी 'आत्मनिवेदन' कसं वाटतं?

मूळ प्रश्न विचारणारा :
सोय नव्हती हे पटलं, माझ्याकडे मात्र सोय असून मी गृहस्थ बोलावले. आत्मनिवेदन भाच्याला फार आवडला, मला धाकधूक वाटते. नवविधा भक्तीतली ती नववी, दासबोध वाचणारा माणूस म्हणेल काका कोणाला शरण गेले? खरं सांगायचं तर काका कॅमेऱ्याला शरण वगैरे अजिबात जात नाहीत, दोनदा तर "सरका, उजेड अडतोय" म्हणून आम्हालाच हाकललंय, तेही ठेवलंय फिल्ममध्ये.

सध्यापुरतं 'सांगणारे' लिहिलंय. साधं आहे, क्रियापद त्यांच्याकडे आहे, नाटकाचा वासही नाही. पण आज पाटी टाईप करताना नवीनच लफडं. काकू अख्ख्या फिल्मभर आहेत, भट्टीजवळ बसतात, भांडं चिंचेनं घासून चकचकीत करतात, काका बोलायला लागले की एकदा वर बघतात आणि परत घासायला लागतात. वीस मिनिटांत एक शब्द बोलत नाहीत. त्यांना 'सांगणारे'त कसं टाकू?