साइटची डोमेन ऑथॉरिटी ३५ वरून ३१, क्लिक मात्र तेवढेच. असं का?

प्रश्न: एकही बॅकलिंक (दुसऱ्या साइटवरून येणारी लिंक) गेलेली नाही, सर्च कन्सोल या गूगलच्या अहवाल टूलमध्येही फरक नाही. गूगलने पेजरँक (लिंक्सवरून पानाला मिळणारे गुण) कमी केला असेल का?

उत्तर: नाही. डोमेन ऑथॉरिटी हा साइट शोधात किती वर येईल याचा मॉझ या खासगी कंपनीचा अंदाज आहे, गूगल तो वापरत नाही. आकडा तुलनात्मक असल्याने इतर साइट्सना लिंक्स मिळाल्या तरी तुमचा उतरतो. गूगलच्या टूलबारमध्ये पेजरँकचा आकडा दिसणं तर २०१६ मध्येच बंद झालं.

उत्तर: पेजरँकच्या मूळ सूत्रात पान आपल्या गुणांचा ०.८५ भाग त्यावरच्या सगळ्या लिंक्सना समान वाटून देतं. गुण १, लिंक्स १० तर प्रत्येकीला ०.०८५. म्हणून गुण सारखेच असतील तर शंभर लिंक्सच्या डिरेक्टरीपेक्षा पाच लिंक्सच्या लेखातून आलेली लिंक कधीही बरी.

उत्तर: आकडा सोडा, ४०४ झालेल्या (आता न सापडणाऱ्या) पानांवर येणाऱ्या लिंक्स आधी शोधा. जुळत्या पानावर ३०१ रीडायरेक्ट (कायमचं वळवणं) द्या. सरसकट होमपेजवर नको, गूगल ते सॉफ्ट ४०४, म्हणजे पान नसल्यासारखंच, धरू शकतं.