फ्रीवे ठाण्यापर्यंत नेताय, मग खालचा एक पदर बसला द्या

विक्रोळीकर
दक्षिण मुंबईतून येणारा ईस्टर्न फ्रीवे आज घाटकोपरच्या छेडा नगरला संपतो. एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) तो ठाण्याच्या आनंद नगरपर्यंत वाढवते आहे. साधारण 13 किलोमीटर, 6 पदरी, सगळा खांबांवर, आपल्या ईस्टर्न एक्सप्रेस हायवेच्या डोक्यावरून. मध्यंतरी घाटकोपर-विक्रोळीच्या पट्ट्यातल्या वसंतराणीच्या झाडांवरून बराच आवाज उठला. 2025 मध्ये आखणी बदलून झाडं वाचवू असं जाहीर झालं, त्याचा मला आनंदच आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो रस्ता गुलाबी होतो, तेवढीच या भागाची श्रीमंती. पण सगळी चर्चा झाडांपाशीच संपली आणि मूळ प्रश्न राहूनच गेला: इतका पैसा आणखी एका गाड्यांच्या रस्त्यावर का?

कन्नमवार नगरचा माणूस कामाला कसा जातो ते बघा. हायवे ओलांडायचा, टागोर नगरातून शेअर रिक्षा नाहीतर पायी स्टेशन गाठायचं, स्लो लोकल पकडायची, कारण गर्दीच्या वेळी फास्ट विक्रोळीला थांबत नाही. पूर्व-पश्चिम जोडणारा विक्रोळीचा रेल्वेवरचा पूल खुला झाला जून 2025 मध्ये, तोही वर्षानुवर्षं रखडून. मेट्रो 4 बांधली जातेय एलबीएस रोडवरून, म्हणजे रुळांच्या पलीकडे. हायवेच्या या बाजूला राहणाऱ्यांच्या वाट्याला काय? खांब, धूळ आणि वरून जाणाऱ्यांचा आवाज.

घोडबंदरवाला
तुमच्या डोक्यावरून रस्ता जातो म्हणून तुम्हाला तो नको, हे समजू शकतो. पण आमचाही विचार करा. घरं परवडली म्हणून आम्ही ठाण्यापलीकडे गेलो. नोकऱ्या मात्र दक्षिण मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात (बीकेसी), विक्रोळीतच राहिल्या. लोकलने या म्हणता? 9 जून 2025 ला मुंब्र्याला दोन लोकलच्या दारांत लोंबकळणारे प्रवासी एकमेकांना घासले आणि रुळांवर पडले, जीव गेले. अशी बातमी वाचल्यावर ज्याला झेपतं तो गाडी काढणारच. मेट्रो 4 आमच्या दारातून जाणार हे 2018 पासून बघतोय, खांब आणि बॅरिकेड्सच्या बाजूने. तोवर आम्ही काय करायचं? आणि सायनकडे निघालेली रुग्णवाहिका याच हायवेवर अडकते, ती लोकलमध्ये चढवता येत नाही.

विक्रोळीकर
मुंब्र्याचं तुम्ही म्हणालात ते अगदी खरं, आणि म्हणूनच माझा मुद्दा उभा राहतो. ठाणे-दिवा रेल्वेची पाचवी-सहावी मार्गिका 2022 मध्ये झाली. परळ ते कुर्ला मात्र अजून झालेली नाही, म्हणून लांबच्या गाड्या आणि लोकल त्याच रुळांवर कोंडतात. घाई करायची तर तिथे करा.

साधा हिशोब मांडतो. रस्त्याच्या एका पदरातून तासाला फार तर दोनेक हजार गाड्या जातात. गाडीत सरासरी दीड-दोन माणसं. एका दिशेला 3 पदर, म्हणजे सगळं सुरळीत चाललं तरी तासाला नऊ ते बारा हजार माणसं. गर्दीच्या वेळची 12 डब्यांची एक लोकल साडेचार-पाच हजार माणसं नेते. 13 किलोमीटर काँक्रीट ओतून आपण तासाला दोन-अडीच लोकलइतकी सोय करतोय!

टेम्पोमालक
तुम्ही सगळे माणसांचं बोलताय. मालाचं कोण बोलणार? भिवंडीच्या गोदामातून निघालेलं सामान मुंबईत लोकलने येत नाही. गर्दीच्या वेळी जड वाहनांना बंदी, म्हणून ड्रायव्हर नाक्यावर झोप काढतो आणि भाडं एकच सुटतं. दूध, भाजी, औषधं, तुमच्या पुनर्विकासाचं सिमेंटसुद्धा, सगळं याच रस्त्याने. कारवाले वर गेले तर खाली आम्हाला जागा होईल. मला फ्रीवे हवा.

मुलुंडची
खाली जागा होत नाही हो. 2013-14 मध्ये पी. डिमेलो रोड ते छेडा नगर फ्रीवे टप्प्याटप्प्याने सुरू झाला तेव्हा सुरुवातीला सुखच होतं. मग लोकांनी घरं, नोकऱ्या, गाड्या त्या रस्त्याच्या हिशोबाने घेतल्या. छेडा नगरला सगळं तुंबायला लागलं म्हणून तिथे पूल झाले. आता ते ठाण्यापर्यंत न्यायचं. दुसऱ्या टोकाला उतरणाऱ्या गाड्या मावत नाहीत म्हणून ऑरेंज गेट ते मरीन ड्राइव्ह भुयारी मार्ग. एका रस्त्याची कोंडी सोडवायला दुसरा, त्याची सोडवायला तिसरा. गाड्या येण्याचं कारणच रस्ता असतो, ही गोष्ट वाहतूक अभ्यासणारे 1962 पासून सांगताहेत.

दक्षिण कोरियातल्या सोलमध्ये तर उलट केलं. शहराच्या मधून जाणारा उन्नत रस्ता 2003 मध्ये पाडायला घेतला, त्याखालचा ओढा 2005 मध्ये मोकळा केला, आणि दरम्यान 2004 मध्ये बसव्यवस्था नव्याने बसवली, रस्त्याच्या मधोमध बसचे पदर देऊन. शहर बंद पडलं नाही.

आणि एक. कोस्टल रोडवर 13 हजार कोटींहून जास्त खर्च झाला, पण तिथे दुचाकी आणि रिक्षांना मनाई आहे. पैसा सगळ्यांचा, रस्ता गाडीवाल्यांचा.

घोडबंदरवाला
मेट्रो फुकट होते का? मेट्रो 3 ला 37 हजार कोटी लागले आणि आरे ते कफ परेड पूर्ण मार्ग ऑक्टोबर 2025 मध्ये सुरू झाला. तिकीट 70 रुपयांपर्यंत. सोलचं ठीक आहे, पण तिथे आधीपासून भुयारी रेल्वेचं जाळं होतं. आमच्याकडे पर्याय उभा राहण्याआधीच रस्ता नको म्हणणं म्हणजे आम्हाला वाऱ्यावर सोडणं.

विक्रोळीकर
तुम्हाला वाऱ्यावर सोडा असं मी म्हणत नाही. काम सुरू आहे, ते थांबेल असंही मला वाटत नाही. म्हणून मागणी नेमकी करू. वरचा रस्ता ज्या दिवशी खुला होईल, त्याच दिवसापासून खालच्या हायवेचा दोन्ही बाजूंचा एकेक पदर फक्त बस आणि रुग्णवाहिकांना द्या. ठाणे ते सायन, सलग. मिनिटाला एक बस सोडली आणि बसमध्ये 60 माणसं धरली तर एका पदरातून तासाला 3600 माणसं, गाड्यांच्या पदराइतकी किंवा जास्तच. तीही गाडी न परवडणारी. रुग्णवाहिकेचा प्रश्नही त्यातच सुटतो. हे आत्ता ठरलं नाही तर वरचे 3 पदर भरतील आणि खालचेही भरतील.

आता मुंबईकर, आधी हडपसर
बसचा पदर म्हटलं की पोटात गोळा येतो. पुण्यात 2006 मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव पदर, आली. काय झालं? पदर सलग नव्हताच. चौक आला की बस पुन्हा गर्दीत. थांबा रस्त्याच्या मधोमध, तिथे पोचायला म्हाताऱ्या माणसाने धावत्या गाड्यांमधून जायचं. दुचाकीवाले आत घुसायचे, कुणी हटकायचं नाही. पुढे नगर रोडची बीआरटी 2023 पासून काढायलाच घेतली. दिल्लीतली 2016 मध्ये गेली. मुंबईत हे करायचं तर अर्धवट करू नका. अर्धवट केलेल्या बीआरटीने बसचंच नाव खराब होतं आणि पुढची वीस वर्षं कुणी तो विषय काढत नाही.

मुलुंडची
हे पटलं. पण तुम्ही सांगितलेले दोष बांधणाऱ्यांचे आहेत. ईस्टर्न एक्सप्रेसवर चौक कमी आणि बहुतेक ठिकाणी उड्डाणपूल आहेत, म्हणून सलग पदर इथे पुण्यापेक्षा सोपा. अवघड आहे ते थांब्यापर्यंत पोचणं. पादचारी पुलाला लिफ्ट हवी, रात्री दिवा हवा. आज पूल आहे तिथेही बाया जिना टाळून दुभाजकावरून चढतात, हातात पिशवी, कडेवर मूल. उन्नत रस्त्याच्या आराखड्यावर बैठका होतात, या जिन्याबद्दल कधी झाली?

घोडबंदरवाला
पदर द्याल, बस कुठून आणणार? बेस्टच्या ताफ्यात एकेकाळी चार हजारांवर गाड्या होत्या, आता तीन हजारही नाहीत. त्यातल्या बऱ्याच भाडेतत्त्वावरच्या, कंत्राटदार गेला की गाडी गेली. 9 मे 2025 पासून किमान भाडंही 5 चं 10 झालं. गाड्या कमी आणि तिकीट जास्त, मग माणसं कशी येतील?

विक्रोळीकर
म्हणूनच बसचा खर्च रस्त्याच्या प्रकल्पातच धरा. पुलाच्या किमतीत खांब येतात, दिवे येतात, रंगरंगोटी येते, मग शंभर-दोनशे बस का येऊ नयेत? बेस्टला तोटा झाला की चौकशी होते. उड्डाणपुलाने किती कमावलं हे कुणी विचारत नाही.

तुम्हालाच विचारतो. घोडबंदरहून सायनपर्यंत एसी बस, स्वतःच्या पदरातून, दर पाच मिनिटांनी. गाडी घरी ठेवाल?

टेम्पोमालक
मधेच बोलतो. पहाटे 5 पर्यंत तो पदर मालाच्या गाड्यांना द्या, मग माझी हरकत नाही. त्या वेळी बस कमीच असतात.

घोडबंदरवाला
बस खरंच पाच मिनिटांनी येणार असेल तर ठेवीन. पण रात्री साडेदहानंतरही हवी. माझी शिफ्ट त्यानंतर सुटते.