घरी केलेला व्हेज स्टॉक (सूपसाठी भाज्या उकळून गाळलेलं पाणी) कडवट होतोय, मदत हवी आहे

मंडळी, पाऊस सुरू झाल्यापासून घरात रोज सूपची फर्माईश आणि ते रेडिमेड क्यूब्ज म्हणजे नुसतं मीठ, म्हणून म्हटलं स्टॉक घरीच करू. आठवडाभर गाजराची टोकं, कांद्याची सालं, कोथिंबिरीच्या काड्या, फ्लॉवरचे दांडे, कोबीची बाहेरची पानं असं सगळं फ्रीजरमधे साठवलं आणि रविवारी कुकरमधे २ लिटर पाणी घालून ४ शिट्ट्या काढल्या. वास असा सुटला की सासूबाई विचारतात गॅस लीक आहे का! तो बहुतेक कोबी-फ्लॉवरचाच प्रताप, जास्त शिजले की गंधकासारखा वास येतोच त्यांना, पण कडूपणा कशाने? कांद्याच्या सालींनी की मेथीच्या देठांनी? (हो, तेही टाकले होते, हसू नका.)

कुकर बरा की उघड्या पातेल्यात मंद आचेवर पाऊण तास? सेलरी, लीक असल्या परदेशी भाज्या क्रॉफर्ड मार्केटला मिळतात पण त्यासाठी विरारहून कोण जाणार, त्याऐवजी तुम्ही काय घालता? आणि बर्फाच्या ट्रेमधे गोठवून ठेवलं तर किती दिवस चालतं, आमच्याकडे लाईट जाते मधूनमधून.