गर्भपाताला नवऱ्याची सही लागतेच का?

रानफूल:
माझ्या मावसबहिणीला दोन मुलं आहेत, धाकटं सव्वा वर्षाचं. कॉपर टी असूनही दिवस गेलेत, आठवा आठवडा चालूय. तिला आता झेपणार नाही, तिचं ठरलंय. तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात गेलो तर काउंटरवरच म्हणाले, नवऱ्याला आणा, सही लागते. तो ट्रक घेऊन परराज्यात, फोन लागला तर लागला. आता ती म्हणतेय मेडिकलमधून गोळ्या आणून घरीच घेते. नक्की माहीत असेल तर सांगा प्लीज

सिस्टरताई:
नाही लागत. १९७१ च्या कायद्यातच आहे, बाई १८ च्या वर असेल तर फक्त तिची संमती, नवरा सासू कुणाची नाही. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, आणि साधन फेल जाणं हे कारण कायद्यात लिहिलेलंच आहे. पण गोळ्या स्वतःहून घेऊ देऊ नकोस गं! कॉपर टी असताना दिवस गेले की गर्भ पिशवीऐवजी नळीत तर नाही ना हे सोनोग्राफीत आधी बघावंच लागतं, नळीत असेल तर या गोळ्यांनी काही होत नाही आणि नळी फुटली तर जिवावर बेतेल. सरकारी दवाखान्यात ने, उपजिल्हा रुग्णालय जवळ असेल तर तिथे.

सागर_प:
पण गर्भपात गुन्हा आहे ना? सोनोग्राफी सेंटरवर तशी पाटी असते

सिस्टरताई:
दादा ती पाटी लिंग तपासणीची, तो १९९४ चा वेगळा कायदा. या गोंधळामुळेच कितीतरी बायकांना दारातून परत पाठवतात, फार वाईट वाटतं बघून.

अनघा_डब्लिन:
इथे आयर्लंडमध्ये २०१२ ला बेळगावची सविता हलप्पनवार गेली. १७ आठवड्यांची गरोदर, गर्भ वाचणार नाही हे डॉक्टरांना माहीत होतं, तिने मागूनही गर्भपात केला नाही कारण गर्भाचे ठोके चालू होते, मग सेप्सिस झाला, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर पसरला. २०१८ च्या सार्वमतात ६६ टक्के लोकांनी इथली गर्भपातावरची बंदी उठवली, लोक तिचा फोटो घेऊन रस्त्यावर होते. आपल्याकडे कायदा तेव्हाही होता गं, मग काउंटरवरच्या माणसाचं का ऐकायचं? आणि हो, २०२२ ला सुप्रीम कोर्टाने लग्न न झालेल्या मुलींनाही २४ आठवड्यांपर्यंत लग्न झालेल्यांसारखाच हक्क दिलाय, हे पण सांगत जा सगळ्यांना.

रानफूल:
सिस्टरताई, नळीचं आम्हाला माहीतच नव्हतं. गोळ्या नाही आणल्या. उद्या पहिल्या एसटीने जिल्ह्याला नेते तिला, आधार कार्ड सोडून अजून काय लागेल?

सिस्टरताई:
आधीचे रिपोर्ट असतील तर घे. रात्रीत पोटात एका बाजूला जोरात दुखलं किंवा चक्कर आली तर सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन कर.