मदत हवी आहे: पाच जणांच्या डावात एक्का-राणी टाकली, चूक झाली का?

नमस्कार मंडळी. पोकर जाणणाऱ्यांसाठी प्रश्न आहे. पैशाचा संबंध नाही, काजूबियांचा आहे, तेव्हा उपदेश नको, हिशोब हवा.

वेंगुर्ल्याजवळ आमचं घर. गणपतीला सगळे जमतात. भजन आटोपलं आणि काळ्या वाटाण्याची उसळ-पाव पोटात गेला की पडवीत पत्ते निघतात. इतकी वर्षं तीन पत्तीच चालायची. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला, मुंबईच्या आतेभावाचं पोकरचं ॲप बंद पडलं आणि चतुर्थीला स्वारी ते सगळं ज्ञान घेऊन घरी उतरली. तेव्हापासून टेक्सास होल्डेम: हातात दोन-दोन पानं, खाली सगळ्यांची सामाईक पाच, त्यांतून चांगली पाच धरायची.

चिप्स म्हणजे उन्हाळ्यात वाळवून ठेवलेल्या बिया. गावठी झाडाची बारीक बी एकाची, वेंगुर्ला-७ ची ठोसर बी पाचाची. रात्र संपताना ज्याच्याकडे सगळ्यात कमी, त्याने दुसऱ्या दिवशी त्या भाजून फोडायच्या. टरफलातलं तेल बोटांना लागलं की कातडी कशी सोलवटते हे इथल्या कोकणवाल्यांना सांगायला नको.

अजून एक सांगते, कारण डावात त्याचा संबंध आहे. आमचे काका स्ट्रेटला (ओळीने लागलेली पानं) सिक्वेन्स आणि फ्लशला (सगळी बदाम किंवा सगळी इस्पिक अशी पानं) कलरच म्हणतात, आणि तीन पत्तीच्या सवयीने सिक्वेन्स कलरला मारतो असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. पोकरमध्ये उलट असतं हे त्यांना दहादा सांगून झालंय. त्यामुळे कलरच्या आशेवर ते कधी वाढवत नाहीत, नुसते कॉल करून, म्हणजे समोरच्याइतकंच घालून, पुढचं पान बघतात.

आता डाव. लाइट जाऊन आल्यावर बिया नव्याने वाटल्या होत्या, प्रत्येकी १५०. ब्लाइंड, म्हणजे पानं बघण्याआधी दोघांनी घालायच्या बिया, १ आणि २. वहिनी छोट्या ब्लाइंडवर, काका मोठ्या. आतेभावाने २ टाकून नुसता कॉल केला, चुलतबहिणीने पानं टाकली. माझ्याकडे चौकटचा एक्का आणि किलवरची राणी, मी ८ केले. बटनवर (पुढच्या फेऱ्यांत सगळ्यात शेवटी बोलायची जागा) दादा, त्याने कॉल केला. मग वहिनी, काका, आतेभाऊ, सगळेच आले. कोणी म्हणून पान सोडत नाही आमच्याकडे! पॉट, म्हणजे मधला ढीग, ४०.

फ्लॉप, म्हणजे खालची पहिली तीन पानं: बदामाची राणी, बदामाची नव्वी, इस्पिकची अठ्ठी.

माझ्या आधीच्या तिघांनीही चेक केलं, म्हणजे काही न लावता पुढे ढकललं. मी २५ लावले. दादाने कॉल केला, वहिनी गेली, म्हणजे पानं टाकून बाहेर. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, पाचाच्या सोळा बिया एकेक मोजून मध्ये सरकवल्या, म्हणजे ८०, आणि सुपारी कातरायला घेतली. आतेभावाने पानं टाकली.

माझा विचार असा: पॉटमध्ये १७० आहेत, मला अजून ५५ घालायचे. चारात एकदा जिंकले तरी पुरे. वरची जोडी, सोबत एक्का. कॉल केला.

आणि माझ्या मागे दादा बसलाय हे तेव्हा डोक्यातच नव्हतं. त्याने सगळ्याच्या सगळ्या सरकवल्या, या फेरीचे १४२. काकांनी उरलेले ६२ तिथल्या तिथे घातले. आता पॉट ४०४, मला ६२ हवेत. दोघांपुढे एका जोडीचं काय चालणार म्हणून मी टाकली.

काकांकडे इस्पिकची नव्वी आणि किलवरची अठ्ठी, दोन जोड्या. दादाकडे बदामाचे राजा-गुलाम. टर्नला (खालचं चौथं पान) इस्पिकचा एक्का, रिव्हरला (पाचवं) किलवरची दुर्री. म्हणजे मी असते तर एक्का-राणीच्या दोन जोड्यांनी ४६६ बिया माझ्या. काका गालात हसत म्हणाले, "सोडलंस कित्याक गो मगे?" दोन दिवस झाले, घरात दुसरा विषय नाही.

प्रश्न दोन. शेवटी टाकली ते चुकलं का? आणि ५५ चा कॉल बरोबर होता का? घरात दुसऱ्याबद्दल कोणी बोलतच नाही, पण मला तोच खुपतोय.

प्रतिसाद – भरतीओहोटी

तुम्हाला खुपतंय तिथेच दुखणं आहे. चुकला तो ५५ चा कॉल.

"५५ घालून १७०" हा हिशोब अर्धाच आहे. कॉल केल्यावर तुमच्याकडे ६२ उरतात, काकांकडेही ६२. टर्नला ते लावणारच. म्हणजे प्रश्न ११७ चा आहे. दादा गेला असं धरलं तरी शेवटचा पॉट ३४९ होतो, आणि ११७ ला ३४९ म्हणजे तुम्ही साडेतेहेतीस टक्के वेळा जिंकायला हवं. चारात एकदा नव्हे, तिनात एकदा.

आता काकांकडे काय असू शकतं? गुलाम-दश्शी, म्हणजे तयार सिक्वेन्स, १६ प्रकारे. नव्वीची तिकडी ३, अठ्ठीची ३, राणीची १ (एक राणी तुमच्याकडे, एक खाली). दोन जोड्या: राणी-नव्वी ६, राणी-अठ्ठी ६, नव्वी-अठ्ठी ९. एकूण ४४. या सगळ्यांपुढे सरासरी तुमचे बारा टक्के धरा. कलरच्या आशेवर असतील तर तुमचे साठ धरू. साडेतेहेतीस गाठायला त्या ४४ च्या जोडीला कलरवाल्या निदान ३६ जोड्या हव्यात. उरलेल्या अकरा बदामांच्या एकूण जोड्याच ५५, त्यातली गुलाम-दश्शी आधीच मोजली. म्हणजे काकांनी दोन-तृतीयांश बदामांवर असं वाढवायला हवं. आणि तुम्हीच लिहिलंय की ते कलरच्या आशेवर वाढवतच नाहीत!

त्यात त्यांनी एक लावणारी आणि एक कॉल करणारा अशा दोघांच्या तोंडावर वाढवलंय. दोघांच्या डावात हा रेझ पोकळ असू शकतो. इथे तेवढी हिंमत सहसा कोणी करत नाही. वर दादा अजून बोलायचा बाकी. कॉल म्हणजे तळ्यात मळ्यात. मी तिथेच टाकली असती आणि २५ वर सुटलो असतो. २५ लावणं मात्र बरोबर, त्यावर शंका नको.

प्रतिसाद – सागरगोटा

पहिल्या प्रश्नासाठी बसून मोजलं. (रविवार, पाऊस, मासळी नाही.)

तिघांचीही पानं उघडी धरली तर ४३ पानं उरतात. टर्न-रिव्हरच्या जोड्या ९०३. त्यातल्या १३२ मध्ये ताई जिंकतात. एक्का किंवा राणी लागून, बदाम आणि दश्शी न येता, हे बहुतेक. १८ जोड्या गमतीच्या आहेत: खाली सत्ती-सत्ती किंवा दुर्री-दुर्री अशी लहान जोडी पडली की काकांच्या नव्वी-अठ्ठीपेक्षा ताईंच्या राणी आणि सत्तीच्या दोन जोड्या मोठ्या ठरतात. १३२ भागिले ९०३ म्हणजे १४.६ टक्के. ६२ घालून ४६६ चा पॉट, लागतात १३.३. म्हणजे पानं उघडी असती तर कॉल जेमतेम फायद्याचा होता, सरासरी सहा बिया.

पण पानं उघडी नव्हती. काकांकडे चारात एकदा जरी गुलाम-दश्शी असेल तरी तुमचे बाराच्याही खाली येतात. तेव्हा फोल्डला, म्हणजे पानं टाकण्याला, नावं ठेवण्यासारखं काही नाही. "एक्का आला असता" हे एक्का आल्यावर सगळ्यांनाच कळतं.

प्रतिसाद – दशावतारी

थोडं अवांतर, पण काकांना हे सांगा. तीन पानांत सिक्वेन्स ७२० प्रकारे होतो आणि कलर १०९६ प्रकारे, म्हणून तिथे सिक्वेन्स मोठा. पाच पानांत सिक्वेन्स १०,२००, कलर ५,१०८. दुर्मिळ असेल ते मोठं, दोन्हीकडे नियम तोच.

आणि डावाबद्दल एकच. तुमच्या पडवीत ८ ला कोणी पान टाकत नाही हे माहीत असताना ८ का केले? मी १४ केले असते. चौघंही आली की प्रत्येकाकडे तुम्हाला अडवणारं काही नसण्याची शक्यता ८० टक्के धरली तरी चौघांकडेही नसण्याची ४१ वर येते. एक्का-राणी दोघांत राणी, पाचांत बटीक.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार, सागरगोटा यांचे विशेष. १३२ चा आकडा काकांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "बरां. आणि फोडूक कोण बसताला?" त्या रात्री सगळ्यात कमी बिया माझ्याकडेच होत्या, त्यामुळे हे टायपिंग एका हाताने चाललंय, दुसऱ्याला खोबरेल लावलंय.

दशावतारी, १४ चं पटलं. आज रात्री करून बघते. पण १४ लाही चौघं आली तर? पॉट ७० होईल आणि माझ्याकडे १३६ उरतील. मग फ्लॉपवर वरची जोडी लागली की सोडायची सोयच राहत नाही ना? यावर कोणी सांगेल का? भजन साडेदहाला संपतं.